झाकण्याआधी

मंगळवार, रात्री उशिरा

माई सहज म्हणाली, "बरं झालं, आता ते सगळं झाकलं जाईल."

तिला टोचून काही बोलायचं नव्हतं. उलट हल्ली तिला माझं हे लाकडी मॉडेल-जहाज आवडायला लागलंय. नुसत्या बरगड्या उभ्या होत्या तेव्हा टेबलाकडे बघायलाही नको म्हणायची. फळ्या चढायला लागल्यापासून येता-जाता थांबते, पोटावरून बोट फिरवते. वाक्य बोलून ती आपल्या कामाला गेली. मी मात्र संध्याकाळपासून शेवटची फळी उचलतेय आणि परत ठेवतेय.

फळीत काही दोष नाही. कोरडीच बसवून पाहिली, दोन्ही कडा शेजारच्या फळ्यांना सारख्या टेकतात. गोंद लावायचा, क्लॅम्प लावायचे, संपलं. काही अडलं असतं तर बरं झालं असतं, निदान दुरुस्त करत बसले असते. काहीच अडलेलं नाही आणि तरी हात पुढे जात नाही. म्हणून लिहून बघते.

ही फळी येते पोटाच्या वळणावर, जिथे तळ वर वळून बाजू व्हायला लागतो तिथे. मी वरून वेलपासून, म्हणजे बाजूभर आडव्या जाणाऱ्या जाड फळ्यांच्या पट्ट्यापासून, खाली येत गेले आणि खालून, कीलच्या म्हणजे तळाच्या कण्याच्या खाचेत बसणाऱ्या पहिल्या फळीपासून, गारबोर्डपासून, वर. दोन्हीकडच्या ओळी इथे भेटतात. बाकीच्या प्रत्येक फळीची एक कड तरी मोकळी होती, थोडं इकडे-तिकडे चालून जायचं. हिला तेवढीही मोकळीक नाही. पातळ कागद फटीवर धरून कडांवरून पेन्सिल घासायची, उमटेल तो आकार कापायचा, लाकडावर उतरवायचा, आणि मग रंधा नाही, नुसता पॉलिशपेपर. दोन घास, मग बसवून बघ. पुन्हा दोन घास. शटर प्लँक म्हणतात हिला. बसली की दार बंद.

तिथेच घोटाळा आहे बहुतेक.

त्या फटीतून अजून आतलं दिसतं. दिवा खालून धरला की बरगड्या एकामागून एक उजळत जातात, प्रत्येकीचे दोन थर, तुकड्यांचे सांधे एकमेकांना चुकवत गेलेले. वरून डेकच्या तुळयांमधून डोकावता येतं म्हणा, पण तिथून नुसती टोकं दिसतात. त्यांची पोटं दिसतात ती या बोटभरही रुंद नसलेल्या फटीतून. उद्या तीही गेली.

बरगड्या आकाराला आणायला सगळ्यात जास्त वेळ गेला. मधल्या भागात सोपं असतं, तिथे बरगडीची बाहेरची कड जवळजवळ सरळ असते. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, आणि मागे जायला लागलं की प्रत्येक बरगडीला वेगळा तिरका उतार. पातळ लवचिक पट्टी त्यांच्यावरून आडवी धरायची आणि बघायचं, ती प्रत्येक बरगडीला पूर्ण रुंदीभर टेकते का. नुसत्या कोपऱ्यावर टेकली तर घास. मध्ये पोकळी राहिली तर लाकडाची पातळ ढलपी चिकटवून भर आणि पुन्हा घास. घरभर भुसा. अशी 45 बरगड्यांची जुळणी झाल्यावर एका रात्री पट्टी नाळेपासून मागपर्यंत कुठेही न उचकता निघून गेली, आणि मी एकटीच उभी राहून हसत होते. माई झोपली होती. दिलीपला फोन करावासा वाटला, पण केला नाही. ते जाऊ दे.

आता कुणाला कळणार आहे ती पट्टी कशी गेली ते? कुणालाच नाही. काचेच्या पेटीत जहाज उभं राहील, लोक येतील, शिडं बघतील, दोर मोजतील, तोफा किती आहेत विचारतील. चांगलं केलंय म्हणतील. ते जे बघतील त्याला खरं तर फार वेळ लागत नाही. ज्याला लागला ते आत. माझ्या बाबतीत नेहमी असंच होतं, असं आज संध्याकाळभर वाटत राहिलं. जिथे जीव ओतला ते नेमकं दिसत नाही आणि दिसतं त्याचं कौतुक ऐकून कसं वागावं ते मला उमगत नाही. ऑफिसातही... नको, आज तो विषय नको.

उघडं ठेवायचं का, हा विचार अर्थातच आला. तशी परंपरा आहे आणि ती मोठी देखणी आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये नौदलाच्या जहाजांची मॉडेल्स होत गेली, त्यांना नेव्ही बोर्ड मॉडेल्स म्हणतात. त्यांतली बरीचशी 1:48 मध्येच, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शात, म्हणजे माझ्याच मापात. त्यांत वेलच्या खालचं पोट मुद्दाम फळ्यांविना ठेवलेलं असतं. वर कोरीवकाम, सोनेरी मुलामा, आणि खाली उघड्या बरगड्यांची लय. ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये आणि अमेरिकेत अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीच्या संग्रहालयात ती आहेत. त्यांचे फोटो मी इतक्या वेळा मोठे करून पाहिलेत की काही बरगड्या पाठ झाल्यात. त्या कारागिरांच्या हातापुढे मी कोणीच नाही, पण त्यांनी आतलं झाकलं नाही याचा आज पहिल्यांदा हेवा वाटला.

हेवा वाटला आणि मग लक्षात आलं, त्यांच्या बरगड्या खऱ्या जहाजासारख्या नसतातच. ती मॉडेलसाठी ठरवून घेतलेली रचना आहे. लांबलांब तुकडे, मध्ये एकसारखी अंतरं, डोळ्यांना गोड वाटेल अशी मांडणी. ती बघण्यासाठीच केलेली आहे. माझ्या बरगड्या तशा नाहीत. तोफांच्या खिडक्यांपाशी त्या सरकल्यात, कुठे दोन जवळ आल्यात, कुठे एक अर्ध्यात तोडून खिडकीच्या उंबऱ्यावर थांबवलीय. मी त्या फळ्या धरून ठेवण्यासाठी केल्या. एका बाजूच्या फळ्या काढून टाकल्या तर उघडं पडेल ते फळ्यांची वाट बघत असल्यासारखं दिसेल. नानांची पटाशी हातात घेतली होती खरी. परत खोक्यात ठेवून दिली.

मेरी रोझ आठवली, इंग्लंडचं जुनं युद्धजहाज. 1545 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, सोलेंटच्या पाण्यात बुडाली आणि 1982 मध्ये वर काढली. उजव्या कुशीवर कलंडून गाळात रुतली होती, म्हणून उजवी बाजू टिकली. डावी पाण्यात उघडी राहिली ती झिजून, किडून गेली. आज पोर्ट्समथच्या संग्रहालयात उभं राहिलं की जहाजाच्या आत सरळ बघता येतं, कापून दाखवल्यासारखं. तिचं आतलं सगळ्यांना दिसतं कारण तिचं बाहेरचं गेलं. अशा रीतीने दिसण्यात मला काही सुख वाटेना. शेकडो माणसं त्या जहाजाबरोबर गेली.

म्हणजे दिसावं असं मला वाटतंय आणि दिसण्याच्या या वाटा मात्र एकेक करून नको वाटतायत. मग हवंय काय?

फळ्यांकडे वळते, त्यांच्याविषयी बोलताना मला बरं वाटतं. माझ्या 5.3 मि.मी. रुंद फळ्या म्हणजे खऱ्या जहाजावरच्या 10 इंची. जाडी 1.6 मि.मी., खऱ्यात 3 इंच. लाकूड नाशपातीचं, रेषा इतक्या बारीक की या मापात ओकसारखं ढोबळ दिसत नाही. मधल्या बरगडीवर वेलपासून कीलपर्यंत 95 मि.मी. अंतर, तिथे अठरा ओळी पूर्ण रुंदीने बसतात. नाळेजवळ तेच अंतर 58 वर येतं आणि ओळी मात्र अठराच. म्हणून प्रत्येक फळी पुढे निमुळती करायची, 3.2 पर्यंत. निम्म्याच्या खाली जायचं नाही, टोक इतकं अरुंद झालं तर खऱ्या जहाजात तिथे खिळा धरणार नाही. त्याहून चिंचोळं होणार असेल तर दोन ओळींची पुढे एक करायची. माझ्यावर ती वेळ आली नाही.

निमुळती करून भागत नाही. फळी जाडीच्या अंगाने हवी तशी वळते, रुंदीच्या अंगाने वळायला तयार नसते. जोर करून वळवली तर एक कड बरगडीवरून उचलते आणि पायरी पडते. म्हणून काही फळ्या लाकडाच्या रुंद तुकड्यातून मुळातच वाकड्या कापाव्या लागतात. सपाट ठेवल्या तर केळीच्या सालीसारख्या दिसतात आणि जहाजावर चढवल्या की सरळ. मग उष्णता द्यायची. पाण्याने लाकूड वळतं असं मी बरीच वर्षं समजत आले, खरं काम उष्णता करते. लाकडातले धागे बांधून ठेवणारं लिग्निन तापलं की मऊ पडतं आणि निवताना नव्या आकारात घट्ट होतं. फळी निवेपर्यंत बोटांनी धरून बसायचं, तेवढ्या वेळात दुसरं काही करता येत नाही. कडेला पेन्सिल फिरवायची, म्हणजे दोन फळ्यांमध्ये बारीक काळी रेघ दिसते. खऱ्या जहाजात तिथे जुन्या दोरखंडांचे पिंजलेले तंतू ठोकून वर डांबर ओतत.

आणि दिवा. दिवा अगदी खाली, पोटाला घासून जाईल असा धरायचा आणि बाहेरून बघायचं. बरगडीचा उतार कुठे चुकला असेल तर तिथे प्रकाश अडतो, सपाट चकंदळ दिसतं. आज लिहिता लिहिता उठून तसा धरून आले. प्रकाश नाळेपासून मागपर्यंत न अडखळता गेला. त्या रात्री पट्टी गेली होती तसाच.

हे मला कळायला हवं होतं असं नाही म्हणत, पण आज दिसलं. पट्टी टेकत होती ती जागा आणि प्रकाश जातो ती जागा एकच आहे.

अगदी जुनी जहाजं उलट बांधत. सायप्रसच्या किनाऱ्याजवळ सापडलेलं किरेनियाचं जहाज इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं. त्यात आधी फळ्या, दोन्हींच्या कडांत खाचा करून त्यांत लाकडाची वेगळी जीभ बसवून, वरून खुंटी ठोकून. नुसत्या फळ्यांचं कवच वर आणत नेलं आणि बरगड्या नंतर आतून बसवल्या. तिथे बरगडीने फळीचं ऐकलं. माझ्या जहाजात फळीने बरगडीचं ऐकलंय, अठराच्या अठरा ओळींनी. ज्याचं ऐकलं ते दिसेनासं झालं म्हणून ऐकणं काही पुसलं जात नाही. थोडं बरं वाटलं हे लिहून. पूर्ण नाही.

कारण एक गोष्ट मी मघापासून टाळतेय. खऱ्या जहाजात फळ्या बरगड्यांवर धरून ठेवत त्या लाकडी खुंट्यांनी. दीड इंच जाडीची खुंटी, माझ्या मापात 0.8 मि.मी. प्रत्येक फळी जिथे बरगडी ओलांडते तिथे दोन. म्हणजे पूर्ण झालेल्या जहाजाच्या पोटावर खुंट्यांच्या उभ्या रांगा दिसतात, आणि प्रत्येक रांग म्हणजे आतली एक बरगडी. जाणकार माणूस बाहेरून बरगड्या मोजू शकतो, कुठे दोन जवळ आल्यात ते सांगू शकतो.

मी खुंट्या द्यायच्या नाहीत असं ठरवलं होतं. बरेच जण या मापात देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. हातभर अंतरावरून त्या दिसायलाच नकोत, गडद झाल्या तर सगळं पोट देवी आल्यासारखं दिसतं. शिवाय गोंद पुरेसा धरतो. आणि 45 बरगड्या, अठरा ओळी, प्रत्येकी दोन, दोन बाजू: तीन हजारांवर भोकं. बांबूच्या तितक्या काड्या पोलादी पट्टीच्या छिद्रांतून ओढून ओढून 0.8 वर आणायच्या.

द्यायच्या. रात्री साडेअकराला ठरलं हे, पण सकाळीही बदलणार नाही. बांबूचा रंग नाशपातीच्या जवळ आहे, वरून तेलाचा हात फिरला की खुंटीचं कापलेलं टोक थोडं जास्त तेल पिईल आणि किंचित गडद होईल. तेवढंच हवं. कुणी जवळ येऊन बघितलं तर दिसेल. नाही आलं तरी रांगा तिथे असतील. मला यात आता तक्रार नाही. माईला दाखवेन एकेक रांग, ती ऐकून घेईल, तिची ती पद्धत आहे.

यासाठी एक काम शेवटच्या फळीच्या आधी करायला हवं आणि फळी हातात धरून बसले होते ते बरंच झालं. भोकं बरगडीच्या मध्यावर पडायला हवीत आणि बरगड्या प्रत्यक्ष दिसतात त्या फक्त या फटीतून. म्हणून दोन्ही बाजूंच्या फटी उघड्या आहेत तोवर प्रत्येक बरगडीचा मध्य वरच्या आणि खालच्या फळीच्या कडेवर पेन्सिलीने घेतेय. मग लवचिक कार्डाची पट्टी त्या खुणेवर धरून रेघ वर वेलपर्यंत, खाली गारबोर्डपर्यंत. फळ्यांचे सांधे बरगडीवरच येतात, तिथे रेघ तपासून घेता येते. डावी बाजू झाली. उजवीकडे नाळेजवळच्या बरगड्या तिरक्या आहेत, तिथे रेघही तिरकी जाणार, त्या दिवसाउजेडी घेईन. मग गोंद.