काळी चार, विहिरीतला आवाज आणि पिन दोन-तीन

माझा डीटी ७७० हेडफोन विकायचा नाही. मागच्या नोंदीत तो विकायला काढून किंमतसुद्धा टाकून मोकळा झालो होतो, ती रद्द समजा. ज्या दोघांनी विचारलं होतं त्यांची माफी. दोष हेडफोनचा नव्हताच. तीन आठवडे ज्या चोराच्या मागे धावत होतो तो माझ्याच खणात पडलेला होता, आणि माझ्याच हातांनी सोल्डर केलेला.

जुन्या मंडळींना मांडणी ठाऊक आहे: आत्याच्या बंदिशींचं रेकॉर्डिंग, पट्टी काळी चार, तोंडापासून वीतभरापेक्षा थोडा कमी अंतरावर कंडेन्सर माईक, हेडफोनमध्ये तानपुरा आणि डायरेक्ट मॉनिटरवरून (माईकचा आवाज उशीर न होता थेट कानात) तिचा स्वतःचा आवाज. तक्रार पहिल्या दिवसापासून एकच. "विहिरीत तोंड घालून गातेय असं वाटतं रे. तानपुरा छान येतो, माझा आवाज कुठे जातो?" डीटी ७७० (८० ओहमवाला) दोन्ही कानांवर असला की ती षड्जाला केसभर उतरायची. एका कानावरून सरकवला की चोख सुरात. जन्मभर गाणं शिकवलेल्या बाईचा सा हलतोय म्हणजे यंत्रात गफलत आहे, एवढं तरी कळायला हवं होतं. मी म्हटलं, "आत्या, सवय होईल."

माझा दुसरा हेडफोन, एचडी ६००, दिला तर लगेच, "हा बरा आहे." पण तो ओपन-बॅक, म्हणजे कप मागून उघडे. कपांतला तानपुरा थेट माईकमध्ये उतरतो. सलग गायलं तर चालून जाईल, पण मधली एखादी ओळ पंच-इन केली (तेवढीच पुन्हा गाऊन आत जोडली) की सांध्यावर तानपुऱ्याची तार उडी मारते आणि ती उडी एकदा ऐकू आली की पुन्हा कान तिथेच जातो.

तेव्हा माझा निष्कर्ष तयार झाला: डीटी ७७०सारख्या क्लोज्ड-बॅकचा, म्हणजे बंद कपांचाच दोष. कान झाकला की हाडांतून येणारा आपला आवाज खालच्या भागात फुगतो. दोन्ही कानांत बोटं घालून 'ॐ' म्हणून बघा, लगेच पटेल. वर पुरावाही मिळाला. आत्याने चष्मा घातलेला असला की तक्रार कमी, काढला की जास्त. काडीमुळे पॅड आणि कानामागची त्वचा यांत फट राहते, कान पूर्ण बंद होत नाही. सगळं कसं जुळत होतं! चुकीच्या उत्तराला इतके साक्षीदार मिळाले की माणूस शोध थांबवतो.

मधल्या काळात काय काय केलं ते भराभर सांगतो. डीटी ७७०चे चपटे झालेले वेलूर पॅड बदलले (हे तसंही करायचंच होतं, नव्या पॅडवर खालचा भाग पुन्हा ताळ्यावर आला आणि 'स', 'श'ची धारही थोडी बोथट झाली). मित्राचा एम५०एक्स हेडफोन आणला, आत्याने पाच मिनिटांत काढून ठेवला, कानशिलं दाबतो म्हणून. एमडीआर-७५०६ हा आणखी एक हेडफोन हलका, पण त्याची गुंडाळी केबल एका बाजूने मान ओढत राहते. मग लेटन्सीचा, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून परत यायला लागणाऱ्या उशिराचा संशय. बफर १२८ सॅम्पलचा म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंद, जाण्यायेण्याचे मिळून दुपटीच्या वर. म्हणून रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं ट्रॅकचं मॉनिटरिंग बंदच करून टाकलं, फक्त डायरेक्ट ठेवलं. विहीर तिथल्या तिथे. एक अख्खी संध्याकाळ इक्वलायझर एपीओ या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये २०० हर्ट्झच्या आसपास उचलून बघितलं, आणि रात्री दात घासताना लक्षात आलं की डायरेक्ट मॉनिटरचा आवाज इंटरफेसमधूनच (माईक आणि कॉम्प्युटर जोडणारं यंत्र) परत फिरतो, कॉम्प्युटरपर्यंत जातच नाही. मी संध्याकाळभर तानपुऱ्याचं इक्यू करत होतो.

गेल्या गुरुवारी माईकच्या लांब केबलचा, मीच सोल्डर केलेल्या, कनेक्टर खरखरायला लागला. तबल्याच्या मित्राची तीन मीटरची केबल जोडली. आत्याने आकार लावला आणि मध्येच थांबली.

"हेडफोन बदललास?"

"नाही गं, तोच आहे."

"मग आवाज भरला कसा?"

चाळीस मिनिटं गायली. दोन्ही कान झाकलेले, चष्मा काढून ठेवलेला. कपाला एकदाही हात नाही.

ती गेल्यावर मल्टीमीटर काढला. माझ्या केबलच्या एका टोकाच्या पिन २वर एक प्रोब, दुसऱ्या टोकाच्या पिन २वर दुसरा. शांतता. प्रोब पिन ३वर सरकवला आणि बीप. दोन आणि तीन उलटे. पोलॅरिटी उलटी, म्हणजे लाटेचं वर ते खाली.

पुढे विचार करत गेलो तेव्हा एकेक गाठ सुटली. हाडांतून एक आवाज आणि कपांतून त्याचाच उलटा आवाज, दोन्ही कानात भेटतात. तोंड ते माईक पंधरा सेंटीमीटर म्हणजे जेमतेम ०.४४ मिलिसेकंद. काळी चारचा सा साधारण २०८ हर्ट्झ, त्याची तरंगलांबी दीड मीटरच्या वर. इतक्या लांब लाटेसाठी ते अंतर क्षुल्लक, म्हणून दोन्ही आवाज खालच्या भागात एकमेकांना खातात. वर उरतो तो पोकळ भाग. विहीर! कान जितका घट्ट बंद, तितका हाडांतला आवाज मोठा आणि तितकी खाऊन टाकणी जास्त. म्हणूनच ओपन-बॅकमध्ये बरं, चष्म्याच्या फटीनेही बरं. माझे साक्षीदार खोटं बोलत नव्हते, मीच त्यांना चुकीचा प्रश्न विचारत होतो.

केबल इतके दिवस सापडली का नाही, याचंही कारण आहे. एका माईकच्या रेकॉर्डिंगमध्ये उलटी पोलॅरिटी ऐकून ओळखू येत नाही. कंडेन्सरला केबलमधूनच मिळणाऱ्या विजेचे, म्हणजे फँटमचे ४८ व्होल्ट पिन २ आणि ३ दोन्हींवर सारखेच असतात, त्यामुळे कंडेन्सरही विनातक्रार चालतो. रीपरमधलं फेज उलटवायचं बटण मी एकदा दाबून पाहिलं होतं, पण ते डायरेक्ट मॉनिटरला लागू होत नाही. खात्रीसाठी दोन्ही केबलींवर एकेक टाळी रेकॉर्ड केली. एकीची पहिली लाट वर, दुसरीची खाली. इतकं स्वच्छ चित्र पाहून दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

चूक कशी झाली? पुण्याच्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, स्वस्तातले कनेक्टर उचलले होते. आतले आकडे धड उमटलेलेच नव्हते, आणि सोल्डरच्या बाजूने बघताना क्रम समोरून दिसतो त्याच्या आरशासारखा उलटा होतो. त्यात मी चष्मा लावला नव्हता. दुकानदाराला बोल लावायचा नाही, गल्ली मला अजूनही प्रिय आहे. पण कनेक्टर यापुढे न्यूट्रिक कंपनीचेच. वाचवलेले पैसे तीन आठवड्यांत व्याजासकट फेडले.

आता एक कबुली. गेल्या दिवाळीत पेटी दोन माईकनी रेकॉर्ड केली होती, आठवते? मोनोमध्ये (दोन्ही माईक एकत्र मिसळून) ऐकली की खालची सप्तकं गायब व्हायची आणि मी खोलीला दोष दिला होता. त्यातल्या एका माईकला हीच केबल होती. वर त्याच रेकॉर्डिंगवरून मी एचडी ६००चं स्टेज, म्हणजे ऐकताना जाणवणारा आवाजाचा पसारा, किती रुंद आहे यावर दोन परिच्छेद लिहिले होते. ज्या हेडफोनचं स्टेज आटोपशीर असल्याबद्दल जग १९९७पासून बोलतंय, त्याला रुंद म्हणणारा मी एकटाच निघालो. ते परिच्छेद मागे घेतो. काल त्या माईकचा ट्रॅक उलटवला. पेटी कानांच्या बाहेरून उठून समोर येऊन बसली, भात्याचा श्वाससुद्धा जागेवर. रात्री दोनदा ऐकली.

तर पुढचं. गाताना डीटी ७७०, मिक्सला एचडी ६००, ही विभागणी पक्की. अर्धवट उघड्या कपांचा (सेमी-ओपन) के२४० हेडफोन घ्यायचा बेत बारगळला. तानपुरा थोडाच गळेल, पण गळेल. त्याऐवजी स्विचवाली पोलॅरिटीची छोटी डबी करणार होतो, भाग लिहूनसुद्धा ठेवले होते. हे लिहिता लिहिता लक्षात आलं की डबी कशाला, उलटी केबल आहेच की. खरखरणारं टोक कापून तिची वीतभर लांबीची जोडणी करतो, दोन-तीन मुद्दाम उलटेच ठेवून, आणि मधे लाल चिकटपट्टी. प्रत्येकाच्या डोक्याची ठेवण आणि माईकपासूनचं अंतर वेगळं. कुणाला कदाचित उलटीच बरी वाटेल. गायला बसण्याआधी एकदा तिच्यासह, एकदा तिच्याशिवाय, आणि विचारायचं.

आत्या गुरुवारी पुन्हा येतेय. तिला अजून केबलचं सांगितलेलं नाही. तिला वाटतंय नवे पॅड लागू पडले.