पान परत आलं नाही

शुक्रवार, रात्री ११.४०

आत्ता शनिवार पेठेतून घरी आलो. जेवण गार झालंय, पण आधी हे लिहून काढतो.

छापखान्यातल्या डीटीपीच्या मशीनवर बुधवारी दुपारी निळी स्क्रीन आली. दिवाळी अंकाची पानं लावणं चालू होतं, तीन तासांची करेक्शनं गेली. मी पोचलो तर ताईंचं पहिलंच वाक्य, "मीच दहा-बारा फाइली एकदम उघडून ठेवल्या होत्या रे, त्यानंच मेमरी भरली असणार." माझ्याआधी एक जण येऊन 'रॅम गेली, बदला' असं सांगून गेला होता. ताईंचा चेहरा इतका उतरला होता की मला खरं कारण शोधल्याशिवाय उठायचंच नव्हतं.

आधी डंप फाइल पाहिली, म्हणजे मशीन कोसळतानाची मेमरीची नक्कल. नाहीच. पेजफाइल, म्हणजे रॅममधून बाजूला काढलेला मजकूर ठेवायची डिस्कवरची फाइल, सी ड्राइव्हवर नव्हती, कुणीतरी एसएसडी झिजू नये म्हणून ती डीवर, जुन्या हार्ड डिस्कवर हलवली होती. विंडोज कोसळताना मेमरीतला मजकूर सी ड्राइव्हवरच्या पेजफाइलमध्ये ओतते आणि पुढच्या बूटला त्यातून डंप तयार करते. ती जागाच नसेल तर पुरावाही राहत नाही. चांगल्या हेतूनं केलेला बदल, पण नेमका अडचणीच्या दिवशी नडला.

काल रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट लावून ठेवली. सकाळी एकही चूक नाही. म्हणजे रॅम सुटली.

मग इव्हेंट व्ह्यूअर, विंडोजची नोंदवही, उघडला. कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद, तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचं कारण सांगणारा आकडा, १२२. हा आकडा दशमान पद्धतीतला असतो, तो सोळाच्या पायात मांडायचा: सात सोळे एकशे बारा, वर दहा. त्या पद्धतीत दहाला ए लिहितात, म्हणजे ७ए. कर्नलला, म्हणजे विंडोजच्या गाभ्याला, स्वतःचं एक पान डिस्कवरून परत हवं होतं आणि ते आलं नाही.

ताईंना हे त्यांच्याच भाषेत सांगितलं. टेबलावर मावतील तेवढे छापायच्या पानांचे फर्मे समोर, बाकीचे कपाटात. टेबल म्हणजे रॅम, कपाट म्हणजे डिस्क. लागला की उठून आणायचा. संगणकातही त्याला पानच म्हणतात, एकेक ४ केबीचं. त्यांच्या मशीनच्या ८ जीबी रॅममध्ये अशी २०,९७,१५२ पानं मावतात. टेबलावर नसलेलं पान मागितलं की पेज फॉल्ट होतो. नाव फॉल्ट असलं तरी ते रोजचंच काम आहे, दर सेकंदाला चालतं. घोटाळा झाला तो कपाट उघडेना तेव्हा. साधा प्रोग्राम असता तर तो एकटा बंद पडला असता. कर्नललाच स्वतःचं पान मिळालं नाही तर त्याला पुढे पाऊल टाकता येत नाही, तो सगळं थांबवतो.

कपाट का उघडेना, तेही त्याच नोंदीत होतं. दुसऱ्या पॅरामीटरमध्ये सी, मग पाच शून्यं, मग ९ आणि डी. अर्थ: डिव्हाइस जोडलेलंच नाही. डिस्कवर खराब सेक्टर असते तर शेवटचं अक्षर डी नसतं, सी असतं. त्या एका अक्षरापाशी मी बराच वेळ थांबलो. मागे गेलो तर गेल्या दोन आठवड्यांत डिस्कच्या ५१ क्रमांकाच्या चार इशारे, पेजिंग करताना, म्हणजे पानं आणताना-ठेवताना, चूक आल्याचे. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींत, खराब सेक्टर शून्य, पण १९९ क्रमांकाचा रकाना, केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाची मोजदाद, ३१८.

कॅबिनेट उघडलं. डी ड्राइव्हची साटा केबल पंख्याच्या जाळीशी दुमडून बसली होती, कनेक्टर बोटानं हलत होता. त्याची पकडायची पातळ पत्री तुटलेली.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम ताईंना शेजारी बसवून दाखवली. व्हर्च्युअल मेमरी खरोखर संपत आली की विंडोज २००४ क्रमांकाची नोंद करते आणि कोणत्या प्रोग्रामनं किती खाल्लं ते नावानिशी लिहिते. बुधवारची पूर्ण यादी खाली-वर केली. २००४ एकदाही नाही. "ताई, तुमच्या फाइलींनी काही झालेलं नाही. मेमरी भरलीच नव्हती." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला आणि स्वतः यादी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, "दोन रात्री झोपले नाही रे मी."

नवी केबल लावली. पेजफाइल सीवर आणली, आकार विंडोजवर सोडला, डंप चालू केला. जुनी डिस्क आता फक्त बॅकअपसाठी.

१९९ चा आकडा कमी होत नसतो, वाढतो का एवढंच बघायचं. निघताना ३१८ च होता. ताईंनी तो कॅलेंडरवर आजच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहून ठेवलाय. सोमवारी सकाळी फोन करून पुन्हा वाचून दाखवणार आहेत.