पहाटे ३ वाजता

आज पुन्हा ३ ला डोळे उघडले. दारू सोडून ४७ दिवस झाले. छातीवर तोच दगड. कारण काहीच नाही, नुसतं उदास.

बायको कुशीवर वळली. "जागा आहेस?"

"हो."

"पूर्वी मी जागी असायचे. तुझा श्वास नीट चालतोय ना, ते ऐकत."

एवढं बोलून ती झोपली. मी त्या वाक्यापाशीच अडकलो.

डॉक्टर म्हणतात, दारूनं येते ती गुंगी, त्यात स्वप्नांची झोप मोडते. सोडल्यावर घडी बसायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. दिवसा हे पटतं. रात्री नाही.

मग उजाडेपर्यंत तिचा श्वास ऐकत बसलो. संथ, गाढ. किती वर्षांनी ती अशी झोपतेय?

यातून गेलेल्यांनो, ३ ते ६ तुम्ही काय करायचात?