भायखळ्याच्या दगडी हत्तीपासून निघालेल्या सहली

गेल्या वर्षापर्यंत आमच्या घरी सुट्टीचा दिवस म्हणजे मॉल, हे जणू ठरूनच गेले होते. मोठी मुलगी नऊ वर्षांची, धाकटा साडेपाच वर्षांचा, सासूबाईंचे गुडघे दुखरे आणि आम्हा दोघांना आठवडाभराच्या नोकरीचा शिणवटा. त्यामुळे थंड हवा, स्वच्छतागृह आणि खाणे जिथे एकाच छपराखाली मिळते, तिकडेच पाय वळत. अशाच एका रविवारी तिथल्या खेळघरात कार्डावर पैसे भरून मुलांना सोडले. दीड तासात ते कार्ड तीन वेळा भरावे लागले, धाकट्याला हवे असलेले बक्षीस गुण कमी पडल्यामुळे मिळाले नाही, आणि परतताना रिक्षात तो रडत रडतच झोपी गेला. रात्री अंथरुणे घालताना मी मोठीला विचारले, आज काय काय पाहिलेस? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काही नाही, खेळलो." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आनंदही नव्हता. ते उत्तर मला फार लागले.

त्यानंतर आम्ही एकच गोष्ट ठरवली. महिन्यातून एकदाच बाहेर पडायचे, पण एका दिवशी एकच ठिकाण पाहायचे, लोकलने किंवा बसने जायचे, आणि मुले जिथे थांबतील तिथे आपणही थांबायचे. पहिले ठिकाण सासूबाईंनी सुचवले. त्यांचे बालपण लालबागच्या चाळीत गेले असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने मुलांना न्यायची जागा एकच, ती म्हणजे राणीची बाग.

मुलुंडहून भायखळ्यापर्यंतचा प्रवास मोठ्या माणसांना कंटाळवाणा वाटतो, पण पाच ते बारा वर्षांच्या मुलांना रेल्वेचे अर्धे तिकीट लागते आणि धाकट्याने स्वतःचे तिकीट हातात घट्ट धरून ठेवले होते, तेव्हा त्याची सहल मुलुंडच्या फलाटावरच सुरू झाली होती. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या मेगाब्लॉकमुळे गाड्यांचे वेळापत्रक बिघडते, म्हणून आम्ही मुद्दाम शनिवार निवडला. भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरून दहा मिनिटे चालले की बागेचे फाटक येते. आईवडील आणि दोन मुले यांचे मिळून शंभर रुपयांचे तिकीट काढताना मला त्या खेळघराचे कार्ड आठवले, आणि महानगरपालिकेने चालवलेल्या जागांविषयी मनात कृतज्ञता दाटून आली. ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण सासूबाईंच्या आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडी ती राणीची बागच आहे.

पेंग्विनच्या दालनापाशी अपेक्षेप्रमाणे गर्दी होती. २०१६ साली आणलेले हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे बर्फाच्या प्रदेशातले नव्हेत, हे मोठीला तिथेच कळले आणि ते तिने पुढे शाळेत सगळ्यांना सांगितले. आत चालत फिरता येते असे पक्ष्यांचे उंच जाळीचे दालनही मुलांना आवडले. परंतु त्या दिवशी त्यांच्या मनात जे राहिले ते जिवंत प्राण्यांपैकी नव्हतेच.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली सुरू झाले, म्हणजे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय. त्याच्या अंगणात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. सासूबाई थेट त्याच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "हा माझ्या लहानपणापासून इथेच आहे." धाकटा त्याच्याभोवती दोनदा फिरला आणि मग त्याने विचारले की याच्या अंगावर या रेघा कसल्या. रेघा म्हणजे सांधे. मी माहितीचा फलक वाचून आणि जे ठाऊक होते ते जोडून त्याला गोष्ट सांगितली. हा हत्ती पूर्वी घारापुरी बेटावर उभा होता. पोर्तुगीज लोक आले तेव्हा त्यांनी तो पाहून बेटाचेच नाव एलिफंटा ठेवले. पुढे १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला नेण्याचे ठरवले, पण उचलताना क्रेन मोडली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून ठेवले आणि १९१४ साली पुन्हा जोडून हत्ती उभा केला. धाकट्याने एका सांध्याकडे बोट दाखवले, बराच वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "मग त्याची जागा तिकडे रिकामी आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. संग्रहालयात आम्ही तासभर होतो. वरच्या मजल्यावर जुन्या काळातल्या निरनिराळ्या समाजांच्या आणि व्यवसायांच्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, त्या मोठीने एकेक करून पाहिल्या, आणि पगड्यांचे इतके प्रकार असू शकतात याचे तिला नवल वाटले. पण लोकलमध्ये बसल्यावर बोलणे हत्तीच्या रिकाम्या जागेवरच परत आले. पुढची सहल अशी आपोआप ठरली.

(एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगून ठेवते. राणीची बाग आणि हे संग्रहालय बुधवारी बंद असते. घारापुरी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी. दोन लहान मुलांना घेऊन एवढ्या लांब जाऊन बंद फाटक पाहण्यासारखे दुःख नाही.)

जानेवारीत आम्ही गेटवेहून घारापुरीची बोट धरली. तासाभराचा प्रवास आहे. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून प्रवाशांची बोट बुडाली आणि माणसे गेली, हे मनातून जात नव्हते. मी मुलांच्या लाइफ जॅकेटांचे पट्टे स्वतः ओढून पाहिले, सासूबाईंना जॅकेट घालायला लावले, आणि जॅकेट असो वा नसो, मुलांचा हात एकदाही सोडला नाही. बोटीत बसणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना माझे हात जोडून एवढेच सांगणे आहे की फोटोसाठी जॅकेट काढू नका.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे आणि पुढे सुमारे सव्वाशे पायऱ्या. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय असते, पण सासूबाईंनी माणसांच्या खांद्यावरून जाण्यास ठाम नकार दिला. त्या दर वीसएक पायऱ्यांनंतर एखाद्या दुकानाच्या बाकावर बसत, लिंबू सरबत घेत, पुन्हा निघत. आणि त्यांच्यामुळेच आमचा सगळ्यांचा वेग मुलांना सोसेल असा राहिला. वाटेत एका माकडाने मोठीच्या हातातली पाण्याची बाटली इतक्या सफाईने काढून घेतली की ती रडायचेही विसरली.

मुख्य लेण्यात शिरल्यावर उन्हातून एकदम गारव्यात आल्यासारखे होते आणि डोळे सरावेपर्यंत काहीच दिसत नाही. मग हळूहळू समोरच्या भिंतीतून ते तीन चेहरे पुढे येतात. जवळपास वीस फूट उंचीची ती सदाशिवाची मूर्ती मी पूर्वी दोनदा पाहिली होती, परंतु मुलांसोबत जमिनीवर बसून पाहिली नव्हती. खालून पाहताना मधल्या चेहऱ्याचे मिटलेले डोळे आपल्याकडेच झुकल्यासारखे वाटतात. मुलांचा आवाज आपोआप खाली आला. बाजूच्या शिल्पांचे तुटलेले हात पाहून धाकट्याने कानात विचारले, "हे पण क्रेनवरून पडले?" ते माणसांनीच तोडले असे सांगितल्यावर तो गप्प झाला. उतरताना त्याने तिथल्या पहारेकऱ्यांना हत्तीची जागा विचारलीच. त्यांनी हसून बेटाच्या दुसऱ्या अंगाला हात केला आणि म्हणाले, "राजबंदराकडे होता तो." धाकटा त्या दिशेला पाहत राहिला. त्याच्या दृष्टीने काम झाले होते.

मोठीच्या मनात मात्र वेगळाच धागा लागला होता. दगडात खोली कोरायची तर सुरुवात कुठून करतात, वरून की खालून? आणि आणखी अशी लेणी आपल्याजवळ आहेत का? म्हणून फेब्रुवारीत आम्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना गेलो. बोरिवलीच्या फाटकापासून लेणी काही किलोमीटर आत आहेत, पण उद्यानातून तिथपर्यंत गाडी जाते. डोंगरावर शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि ती सगळी पाहण्याचा हट्ट धरला तर मुले दमतात आणि आपणही चिडतो. आम्ही चैत्यगृह, म्हणजे भिक्खूंचे प्रार्थनेचे दालन, पाहिले, त्याच्या ओसरीतल्या भव्य बुद्धमूर्तींखाली उभे राहिलो, आणि मग उरलेला सगळा वेळ पाण्यात गेला.

पाण्यात म्हणजे पाण्याच्या टाक्यांपाशी. कान्हेरीत जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात कातळात खोदलेले पाण्याचे टाके आहे, त्याला पोढी म्हणतात. डोंगरउतारावर छोटे पाट कोरून पावसाचे पाणी त्यात उतरवलेले आहे. मोठीने एक पाट शोधून काढला आणि तो कुठून येतो हे पाहण्यासाठी वडिलांचा हात धरून वर चढत गेली. धाकट्याने त्यात आपल्या बाटलीतले थोडे पाणी ओतून ते कसे वाहते हे पाहिले. ती धार उन्हाने तापलेल्या काळ्या दगडावर चकाकत वळणे घेत गेली आणि टाक्याच्या काठाशी पोचण्याआधीच सुकली. त्याने पुन्हा ओतले. तिसऱ्यांदा ती टाक्यापर्यंत पोचली, आणि त्याने जो आनंदाचा आवाज काढला तो ऐकून बाजूची एक शाळेची सहलच आमच्याकडे वळली. इथल्या ब्राह्मी शिलालेखांत ही टाकी दान देणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, असे मी सांगितले तेव्हा मोठीने मोठे डोळे केले. कल्याण? आपले लोकलचे कल्याण? हो, तेच. दोन हजार वर्षांपूर्वीचे व्यापारी आणि आपल्या फलाटावरची रोजची घोषणा तिच्या मनात एका जागी आली, हे मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले.

परतीच्या वाटेवर तिने विचारले की भिक्खूंचे पाणी टाक्यात होते, मग मुंबईचे पाणी कुठे असते. मी तिला सांगितले की याच जंगलात तुळशी आणि विहार हे तलाव आहेत आणि शहराला नळाने पाणी मिळाले ते पहिल्यांदा विहारचे, १८६० साली. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "आणि म्हातारीच्या बुटासमोरच्या बागेखाली काय आहे, माहीत आहे का?"

मलबार हिलवरची हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशाह मेहता उद्यान, पाण्याच्या मोठ्या साठ्यावर वसवलेली आहे, हे मला ऐकून माहीत होते, पण मुलांना ती नुसती बाग म्हणून दाखवली असती तर त्यांनी ती पाच मिनिटांत संपवली असती. आता ती दोघे हिरवळीवर कान टेकवून खालच्या पाण्याचा आवाज येतो का हे ऐकत होती. समोरच्या कमला नेहरू उद्यानात म्हातारीचा बूट आहे. सासूबाई शाळेच्या सहलीत त्यात चढल्या होत्या आणि बाईंनी उतरायला सांगितले तरी उतरल्या नव्हत्या, ही गोष्ट त्यांनी मुलांना तिथेच पहिल्यांदा सांगितली. धाकटा बुटाच्या खिडकीतून हात हलवत होता आणि त्या खाली उभ्या राहून, पदर सावरत, त्याला हात करत होत्या. बाकावर बसून आम्ही दशम्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. खाली मरीन ड्राइव्हची कमान उन्हात पसरलेली होती.

मोठीने घास हातात धरून विचारले की या बागेखाली पाणी येते तरी कुठून. विहार तर एवढेसे आहे. मग तिच्या वडिलांनी सातही तलावांची नावे बोटांवर मोजून सांगितली. मोडकसागर, तानसा, विहार, तुळशी, अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. तानसाच्या नावाला ती थबकली. मुलुंडमध्ये शाळेच्या वाटेवर जो अवाढव्य जलवाहिन्यांचा पट्टा आहे, ज्याच्या कडेने ती रोज चालते, तो तानसाचा आहे हे तिने कुणाच्या तरी तोंडून ऐकले होते. "म्हणजे ते पाणी रोज माझ्या बाजूने जाते?" तिने विचारले.

तानसाचे धरण शहापूर तालुक्यात आहे. मे महिन्यात पाणी खाली गेलेले असेल, म्हणून पाऊस सुरू झाल्यावर जाऊ असे ठरले आहे. धाकट्याने आपली बाटली त्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे.