खोऱ्याचा निकाल

आमच्या कामात अंधार आधी येतो, उजेड नंतर. तिसरी घंटा झाली की प्रेक्षागृहातले दिवे घालवायचे, दोन क्षण काळोख, मग हळूहळू पहिला फेड-इन. सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर या पट्ट्यातल्या हौशी संस्थांच्या नाटकांचे लाइट्स मी वर्षानुवर्षं असेच करत आलोय. त्यामुळे ताईंनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शिकेनं, बर्टोल्ट ब्रेश्त या जर्मन नाटककाराचं 'कॉकेशियन चॉक सर्कल' करायला घेतलं आणि पहिल्याच तालमीला मला सांगितलं, "दिव्यांवर रंगीत जिलेटिनचे कागद नको, ब्लॅकआउट नको, आणि प्रेक्षकांवरचे दिवे प्रयोगभर चालू ठेवायचे," तेव्हा मी त्यांच्याशी कडाडून भांडलो. प्रेक्षकांना स्वतःचे चपला-रुमाल दिसत असताना ते जॉर्जियाच्या डोंगरात कसे जाणार, असा माझा प्रश्न होता. "त्यांनी जायचंच नाहीये," ताई म्हणाल्या. "इथंच बसून बघायचंय."

नाटकात प्रेक्षकांना अंधारात बसवणं ही रीत फार जुनी नाही. 1876 मध्ये जर्मनीत बायरॉइटला वाग्नर या संगीतकारानं आपलं नाट्यगृह उघडलं आणि प्रेक्षकांवरचा उजेड जवळजवळ काढून घेतला, तिथून ती घट्ट झाली. पुढे वास्तववादी नाटकानं तीन भिंतींचा दिवाणखाना उभा केला आणि चौथी, अदृश्य भिंत प्रेक्षकांच्या बाजूला आली. आपल्याकडे हे वळण 1933 साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'नं ठळक केलं. ते नाटकही ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककारावरून बेतलेलं. त्याआधी तमाशाच्या फडात प्रेक्षक उजेडातच बसत होते, सोंगाड्या त्यांच्याशी थेट बोलत होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ब्रेश्तला विसाव्या शतकाच्या बर्लिनमध्ये ही चौथी भिंत पाडायला सिद्धान्त मांडावा लागला. प्रेक्षकानं खेळाच्या मैदानावरच्या माणसासारखं बसावं, जाणकारीनं, हुज्जत घालत, हे त्यानं अनेकदा लिहिलं आहे. रंगमंचावर लख्ख पांढरा उजेड मागणारी, थेट विजेच्या माणसाला उद्देशून लिहिलेली त्याची एक कविता आहे. ताईंनी ती मला मुद्दाम वाचायला दिली. विजेच्या माणसाशी एवढ्या आदरानं बोलणारा दुसरा नाटककार मला माहीत नाही. त्या कवितेनंतर मी भांडायचं थांबवलं.

मराठीला हे नाटक नवं नव्हतं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी त्यावरून केलेलं 'अजब न्याय वर्तुळाचा' विजया मेहतांनी सत्तरच्या दशकात रंगभूमीवर आणलं, पूर्व जर्मनीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ त्यांच्या सोबतीला होते. 1978 साली ब्रेश्तच्याच 'थ्रीपेनी ऑपेरा'वरून बेतलेला पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' आला. ब्रेश्त आणि आपली लोककला यांची गाठ त्या पिढीनं चांगली घट्ट बांधून ठेवली आहे. आम्ही मात्र गटातल्या एकानं केलेलं साधं भाषांतर घेतलं, नावंही तशीच ठेवली: ग्रुशा, आझदाक. मूळ नाटकात गोष्ट सांगणारा एक गायक आहे, तो तेवढा आम्ही डफ-तुणतुण्यावर आणला.

सांगलीतले प्रयोग बरे झाले. लोक आले, टाळ्या पडल्या, उजळलेल्या प्रेक्षागृहात काहीजण अवघडल्यासारखे बसले. प्रवेशिका, म्हणजे मूळ गोष्ट सुरू होण्याआधीचा प्रसंग, आम्ही गाळली होती. बहुतेकजण गाळतात. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सोव्हिएत जॉर्जियातली दोन सामुदायिक शेतं एका खोऱ्यासाठी वाद घालतात. एक शेळ्या पाळणाऱ्यांचं. हिटलरचं सैन्य आलं म्हणून ते खोरं सोडून पूर्वेला गेले होते, आता परत यायचं म्हणतात. दुसरं फळबागावाल्यांचं. डोंगरातल्या तळ्यावर बांध घालून 300 हेक्टर नापीक जमीन भिजवायची त्यांची योजना आहे. चर्चा होते, शेळीवाले आपलं चीज चाखायला देतात, आणि खोरं बागायतदारांकडे जातं. मग त्या निमित्तानं खडूच्या रिंगणाची जुनी गोष्ट करून दाखवतात. ब्रेश्तनं हे 1944 मध्ये अमेरिकेत, परागंदा असताना लिहिलं. आम्हाला ते भाषण वाटलं, म्हणून काढलं.

त्यानंतर वारणेच्या लाभक्षेत्रातल्या एका पुनर्वसित गावातून बोलावणं आलं. धरणात गेलेल्या गावांपैकी एक इथं आणून वसवलेलं. शेजारी मूळचं जुनं गाव. पुनर्वसन कायद्याप्रमाणे त्या गावातल्या मोठ्या खातेदारांची, स्लॅबच्या म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वरची जमीन काढून या लोकांना दिलेली. बोलावणारे गुरुजी दोन्हीकडे शिकवलेले. त्यांनी संहिता मागून घेतली होती, आणि आमचा टेम्पो शाळेच्या मैदानात पोचला तेव्हा त्यांनी ताईंना पहिलंच हे विचारलं: "हे सुरुवातीचं खोऱ्याचं भांडण तुम्ही करत नाही म्हणे. का बरं? आमच्याकडं तेच चालू आहे की."

ताईंनी तिथल्या तिथं ठरवलं की प्रवेशिका करायची. पाठ कुणाचीच नव्हती. वह्या हातात घेऊन वाचायची, आणि वाचतोय हे लपवायचं नाही.

मी लाइट्सच्या मागे लागलो. विंगा नव्हत्या, बार नव्हता. शाळेच्या ओट्यावर पार कॅन, म्हणजे डब्यासारखे स्टेजचे दिवे, बांबूला बांधले, सगळे पांढरे. त्यांची तोंडं आणि वायरी लोकांना दिसत राहिल्या. व्होल्टेज संध्याकाळी पडतं असं गुरुजींनी सांगितल्यामुळे जनरेटर आणला होता, तो लांब, ओढ्याच्या बाजूला ठेवला. मैदानावर मांडववाल्याच्या ट्यूब होत्या. पुढे सतरंजीवर पोरं, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मागे खुर्च्यांवर जुन्या गावातले लोक, थोडं अंतर राखून. त्या अंतराकडे माझं लक्ष गेलं ते ट्यूबच्या उजेडामुळेच.

प्रवेशिका सुरू झाली. वह्या हातात धरलेले नट आणि समोर कमालीची शांतता. शेळीवाल्यांमधला म्हातारा म्हणतो की आपल्या जागेवरची भाकरीसुद्धा चवीला बरी लागते, अशा अर्थाचं काहीतरी. पुरुषांच्या बाजूनं एक हुंकार आला. बांधाचा नकाशा उलगडला तेव्हा मागच्या खुर्च्यांमधून कुणीतरी हसलं. निकाल लागला, शेळीवाले कबूल झाले. कुणी टाळी वाजवली नाही.

मग मूळ गोष्ट. बंड होतं, राज्यपालाची बायको पळताना कपडे निवडत बसते आणि तान्हं मूल विसरून जाते. स्वयंपाकघरातली मोलकरीण ग्रुशा ते उचलते, डोंगर ओलांडते, त्याच्यासाठी नको ते लग्नही करते. इथं लोक अगदी गुंतले. गायकाच्या जागी शाहीर झालेला आमच्या गटातला मुलगा डफावर थाप मारून गोष्ट थांबवायचा, पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकायचा, तरी पोरं सरकून सरकून पुढे येत होती. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. ब्रेश्त म्हटलं की भावनेला मज्जाव, असं आमच्याकडे सर्रास शिकवलं जातं. ते खरं नाही. रडत असतानाही माणसाचं डोकं चालू राहावं एवढीच त्याची मागणी असते, आणि समोर ती पुरी होताना दिसत होती. एक म्हातारी डोळे पुसता पुसता शेजारणीला म्हणाली, "ह्या सायबिणीला वाडा पायजे, पोर न्हाई." न्यायाधीश आझदाकचा कोर्टाचा प्रसंग अजून सुरूही झाला नव्हता.

तो झाला. राज्यपालाची बायको मूल परत मागायला आलेली. जमिनीवर खडूनं रिंगण. मूल मध्ये. दोघी दोन हात धरून ओढतात, ग्रुशा हात सोडते. आझदाक पुन्हा ओढायला लावतो, ती पुन्हा सोडते. मूळ चिनी गोष्टीत मूल जन्मदात्रीला मिळतं. ब्रेश्तनं निकाल फिरवला आणि वाढवणारीला दिलं. मैदानातून मोठा आवाज उठला, पसंतीचा. शाहिरानं शेवटचं गाणं धरलं: जे आहे ते त्याचं, जो त्याचं भलं करील. मूल मायाळू बायांचं, गाडी चांगल्या गाडीवानाची, आणि खोरं त्याला पाणी देणाऱ्यांचं.

"थांब रं बाबा."

तीच म्हातारी उभी राहिली होती. "पोराचं पटलं. खोऱ्याचं न्हाई पटलं."

शाहिराची थाप थांबली. सांगलीत असतो तर माझा हात डिमरवर गेला असता, शेवटचा फेड-आउट घ्यायला. इथं फेड-आउट नव्हताच.

"आमास्नी बी असंच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "खाली पानी जाईल, ऊस हुईल, हजारोंचं भलं हुईल. झालं बी. मग काय, खोरं पानीवाल्यांचं? आमी तिथं काय करत व्हतो? नाचणी पिकवली, भात लावला, डोंगर उतरून आन चढून. वाढवलं कुणी त्याला?"

मला आजही हा प्रश्न ऐकू येतो. नाटकाच्याच न्यायानं ती बोलत होती. वाढवणाऱ्याचं मूल, तर मग वाढवणाऱ्याचं खोरं. ब्रेश्तनं दोन निकाल एकाच ओळीत जोडले, आणि आम्ही सगळे ते जोडलेले म्हणूनच पाठ करत होतो. ते एकमेकांविरुद्धही जाऊ शकतात हे आमच्यापैकी कुणाला, ताईंनाही, तालमीत सुचलं नव्हतं.

आझदाक करणारा आमचा नट बँकेत कारकून आहे. तो न्यायाधीशाच्या खुर्चीतच बसला होता. त्यानं ताईंकडे पाहिलं. त्यांनी हातानंच खूण केली, बस तिथंच. मग त्यानं विचारलं, "आजी, मग खोऱ्याचा निकाल काय देऊ?"

"तू कशाला देतोस? त्या पोरीनं हात आपल्या मनानं सोडला. त्या शेळीवाल्यांनी बसून ऐकलं, खाल्लं-पिल्लं, मग हो म्हणले. आमचा हात कुणी इचारून सोडवला?"

आता मागच्या खुर्च्यांवरचा एक माणूस उठला. चांगला पन्नाशी ओलांडलेला, पांढरी टोपी. "आक्का, तुमचं गेलं हे खरं. पण तुमास्नी जी जमीन मिळाली ती आमच्या बापानं कसलेली. आमालाबी नोटीसच आली. आमी बी ग्रुशाच की."

गलका झाला. कुणी म्हणालं, तुमच्या उरलेल्या रानाला पाणी मिळालं ना. कुणी म्हणालं, पाणी कॅनॉलच्या शेवटाला येतंय कुठं. एका तरुण मुलानं विचारलं की ती राज्यपालाची बायको यात कोण, ते आधी सांगा. या प्रश्नावर दोन्ही बाजू पहिल्यांदा एकदम बोलायला लागल्या, आणि एकाच दिशेला बोट दाखवून. कोणत्या दिशेला ते वाचकांना सांगायची गरज नाही.

ग्रुशा करणारी मुलगी मुलाचा हात धरून रिंगणातच उभी होती. आजीनं तिलाही सोडलं नाही. "पोरी, तू दुसऱ्यांदा बी सोडलास. तिसऱ्यांदा वढायला लावलं असतं तर?" मुलगी म्हणाली, "तिसऱ्यांदाही सोडला असता, आजी." "मग तुझा न्याय त्या खुर्चीवरच्याच्या मर्जीवर," आजी म्हणाली. "ह्यो बरा निघाला म्हणून." हे तर नाटकातच आहे. आझदाक गोंधळाच्या काळात चुकून न्यायाधीश झालेला लेखनिक, आणि निकालानंतर तो नाहीसा होतो. पण आम्ही ते गमतीदार पात्र म्हणून रंगवत होतो. त्या पात्रातली भीती आजीनं दाखवली.

बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी गुरुजींनी आभार मानले, चहा झाला, पार कॅन उतरवताना पोरं वायरी गुंडाळायला मदतीला आली. टोपीवाले गृहस्थ आणि आजी ओट्याच्या कडेला बसून बोलत होते. काय बोलत होते ते मी ऐकलं नाही. त्या रात्री काही सुटलं असं मी म्हणणार नाही. जमिनीचे खटले नाटकानं सुटत नाहीत.

आधुनिक रंगभूमीच्या चळवळींचा मराठी नाटकावर काय परिणाम झाला, यावर चर्चासत्रांत खूप ऐकलं आहे. अर्धा पडदा, फलक, समूहगायन, नेपथ्य उघडं ठेवणं, हे सगळं मोजलं जातं आणि ते मोलाचंच आहे. पण ही साधनं कशासाठी बनवली होती ते मला त्या मैदानावर दिसलं. लेखकाचा निकाल प्रेक्षकांच्या गळी उतरला तर साधी सभा झाली. त्यांनी तो पारखला आणि अर्धा परत केला, तेव्हा ब्रेश्तचं नाटक झालं. त्यासाठी आधी ते एकमेकांना दिसायला हवेत. अंधारात बसलेला माणूस एकटा असतो. आजी अंधारात उभी राहिली असती तर आम्ही तिला 'शांत बसा' म्हटलं असतं, आणि टोपीवाल्यांना ती दिसलीच नसती.

परतीच्या टेम्पोत गाण्याच्या शेवटच्या ओळीवर वाद पेटला. शाहीर म्हणत होता, खोऱ्याची ओळ बदलू, निदान प्रश्न म्हणून गाऊ. ग्रुशाचं म्हणणं, काढूनच टाकू, धरणग्रस्तांसमोर ती ओळ म्हणायला तिची जीभ धजत नव्हती. ताईंनी दोन्हीला नकार दिला. "ओळ आहे तशीच राहील," त्या म्हणाल्या, "आणि ठाम गायची. आपणच कच खाल्ली तर लोकांनी भांडायचं कशाशी?" मला हे पटलं. प्रवेशिका मात्र आता सगळीकडे करतो, शहरातही, वह्या हातात घेऊनच. गाणं संपल्यावर आझदाक खुर्ची सोडत नाही. सांगलीत एकदा दोन मिनिटं कुणीच बोललं नाही, मग मागच्या रांगेतून एका बाईंनी महापुराच्या पाण्याबद्दल आणि पूररेषेतल्या बांधकामांबद्दल विचारलं.

पुढचा प्रयोग उजनीच्या बाजूला आहे. तिथल्या आयोजकांनी विचारलं, लाइट्सचं काय काय लागेल. स्टेजसाठी मी फारसं मागितलं नाही. बायका बसणार त्या बाजूला ट्यूब वाढवा, आणि मागच्या खुर्च्यांपर्यंत उजेड पोचेल असं बघा, एवढं लिहून दिलं आहे.