अकरावीतच आर्किटेक्चरचं खूळ

आठवीत चित्रकलेची एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट परीक्षा दिली तेव्हा वाटलेलं की चित्रं काढता येतात म्हणजे झालं, पण आर्किटेक्ट व्हायचं तर बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतंच, वर नाटासारखी (NATA) आर्किटेक्चरची वेगळी प्रवेश परीक्षा आणि मग ५ वर्षं बी.आर्क.ची पदवी. इंटिरियर डिझाईनला सहसा गणित लागत नाही हे कळल्यावर मी दोन दिवस डळमळलेच होते, खोटं कशाला बोलू!

सध्या टेप घेऊन घरभर मापं काढत फिरतेय. किचनचा ओटा ८४ सेंटिमीटर निघाला, आजीच्या उंचीला तो जास्तच, म्हणून बिचारी भाकऱ्या थापायला खाली बसते आणि आम्ही इतकी वर्षं म्हणायचो, तिला सवयच आहे तशी. आता नव्या ओट्याचा प्लॅन काढतेय, बाबा म्हणतात आधी गणिताचा पेपर सोडव.