तिरका बसणारा भीम

भीम दहा महिन्यांचा रॉटवायलर कुत्रा. वजन ४१ किलो. मालकाला त्याच्याकडून छोटी गाडी ओढून घ्यायची होती, तीही लगेच. "मॅडम, अंगापिंडाने पूर्ण वाढलाय की!" अंगापिंडाला लोक हमखास फसतात. मोठ्या जातींत हाडांच्या टोकांच्या ग्रोथ प्लेट्स, म्हणजे जिथून हाड वाढतं तो मऊ भाग, सव्वा-दीड वर्षापर्यंत कच्च्या असू शकतात. तोवर ओझं नाही, उड्या नाहीत.

पण बिनओझ्याचं शिकवण्यासारखं पुष्कळ असतं, आणि ते मला झकास जमतं. आधी नुसता हार्नेस: छातीचा पट्टा श्वासनलिकेच्या खाली, खांद्याचं हाड मोकळं. मग मागे रिकामी प्लास्टिकची बाटली बांधून खडखडाटाची भीती घालवायची. मग दोन्ही बाजूंना, गाडीच्या दांड्यांऐवजी, हलक्या पोकळ नळ्या. नळ्यांमध्ये कुत्र्याला अंग वाकवून वळता येत नाही, मागचे पाय एकावर एक टाकत आडवं सरकावं लागतं. बहुतेक जण इथेच घाई करतात.

भीम उजवीकडे छान सरकायचा, डावीकडे अडायचा. आणि बसायचा तिरका, डावा मागचा पाय बाहेर टाकून. मी म्हटलं, वयात आलाय, आळस. दहा दिवस त्याला भिंतीला चिकटून बसवलं, म्हणजे पाय बाहेर पडायला जागाच नको. सरळ बसला की खाऊ. मालकाला व्हिडिओसुद्धा पाठवला, कौतुकाने.

अकराव्या दिवशी विश्रांतीनंतर तो ताठरत उठला आणि मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा पळाला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. एक्स-रेत दोन्ही खुब्यांत डिस्प्लेशिया, म्हणजे सांधा नीट न बसणं, निघाला, डावा जास्त. डॉक्टर म्हणाले, मुळात आनुवंशिक, त्यात वजन जास्त. फासळ्या हाताला लागत नव्हत्या, हे मलाही दिसायला हवं होतं. वर मालक 'हाडं मजबूत' व्हावीत म्हणून कॅल्शियमची पावडर घालत होते. लहान वाढत्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम पुरतं नाकारता येत नाही, त्याने हाडांची वाढ बिघडू शकते. पण विकणाऱ्याने सांगितलेलं म्हणजे ब्रह्मवाक्य!

गाडी रद्द. आता वजन उतरवतोय, वास हुडकायचे खेळ शिकवतेय. 'सिट' मी म्हणतच नाही, उभ्यानेच खाऊ देते. तरी खिशात हात गेला की तो सवयीने बसतो. सरळ. पाय आत घेऊन.